अडलेला शब्द आणि बोटाखालचा कोश

इंग्रजी पुस्तक वाचताना शब्द अडला की बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. यात आळसाचा भाग थोडाच असतो. कपाटातला जाडजूड शब्दकोश काढायचा, वर्णक्रमाने पानं चाळायची, तिथे दिलेल्या आठ-दहा अर्थांतून आपल्या कामाचा अर्थ निवडायचा आणि परत येऊन आपण कुठल्या ओळीवर होतो ते हुडकायचं, यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. एका शब्दासाठी एवढा खोळंबा परवडत नाही, हा वाचकाने मनोमन केलेला हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. ई-बुकमध्ये हा हिशेबच बदलतो. शब्दावर बोट दाबून धरलं की त्याच पानावर छोटी चौकट उघडते, अर्थ दिसतो, चौकटीबाहेर बोट टेकवलं की ती मिटते आणि नजर होती त्या ओळीवरच राहते. ई-बुकचे फायदे सांगताना लोक किंमत, वजन, अक्षर मोठं करण्याची सोय यांबद्दल भरभरून बोलतात. कोशाची सोय यादीत कुठेतरी शेवटी येते. मला तो क्रम पटत नाही. परक्या भाषेतलं, किंवा आपल्याच भाषेतलं जुनं आणि अवघड पुस्तक वाचू पाहणाऱ्याला ई-बुकचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. मात्र तो पदरात पाडून घ्यायचा तर थोडी आधीची तयारी लागते आणि वाचताना थोडी शिस्तही.

शब्द अडल्याने नेमकं किती बिघडतं, हे आधी पाहायला हवं. इस्रायलमधल्या भाषाभ्यासक बाटिया लॉफर यांनी १९८९ साली असं मांडलं की परभाषेतला मजकूर समजायला त्यातले निदान ९५ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. पुढे २००० साली मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी न्यूझीलंडमध्ये एक प्रयोग केला. एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि विद्यार्थ्यांना ती वाचायला दिली. ज्यांना ८० टक्केच शब्द ओळखीचे होते त्यांच्यापैकी एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. कुणाच्याही मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर सुमारे ९८ टक्के शब्द माहीत हवेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ९५ आणि ९८ या आकड्यांत फारसं अंतर दिसत नाही. पण छापील पानावर साधारण तीनशे शब्द धरले की ते अंतर कळतं. ९८ टक्के म्हणजे पानाला सहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे पंधरा. पंधरा ठिकाणी ठेच लागणारं पुस्तक माणूस दुसऱ्या प्रकरणाआधी बाजूला ठेवतो आणि आपलं इंग्रजी कच्चं आहे असं स्वतःला बजावून पुन्हा सोप्या पुस्तकांकडे वळतो. बोटाखालचा कोश नेमका याच पट्ट्यात उपयोगी पडतो. ज्या पुस्तकात सहा ते पंधरा शब्द अडतात ते आपल्या आवाक्याच्या जरासं वर असतं आणि वाचक म्हणून आपली वाढ तिथेच होते. पानाला वीस-पंचवीसच्या वर शब्द अडत असतील तर मात्र कोश कितीही जवळ असला तरी ते पुस्तक सध्या ठेवून द्यावं. तिथे वाचन राहत नाही, नुसतं उत्खनन होतं.

अनोळखी शब्द निदान थांबवतो तरी. त्याहून घातक असतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६०-६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे हक्क केव्हाच संपले असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती फुकट मिळते, म्हणून इंग्रजी वाचन वाढवू पाहणारे पुष्कळजण तिच्यापासून सुरुवात करतात. पहिल्याच प्रकरणात पायात बेडी असलेला एक फरारी कैदी पिप नावाच्या पोरक्या मुलाला दमात घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाण्याचे पदार्थ आणि एक ‘फाईल’ घेऊन जुन्या ‘बॅटरी’पाशी यायला सांगतो. फाईल आणि बॅटरी हे दोन्ही शब्द मराठी माणूस दिवसातून दहा वेळा वापरतो. त्यामुळे इथे काही अडलं आहे असं वाचकाला वाटतच नाही. तो कागदपत्रांची फाईल आणि टॉर्चची बॅटरी मनात घेऊन पुढे सरकतो आणि प्रसंग विचित्र धूसर होऊन बसतो. शब्दावर बोट दाबून धरलं की चौकटीत आधी कागदांचीच फाईल दिसते. पण थोडं खाली सरकावं. तिथे लोखंड घासायची कानस सापडते, आणि बेडीचं कोडं सुटतं. ‘बॅटरी’खाली तोफा मांडून ठेवायची तटबंदीची जागा सापडते, आणि दलदलीच्या काठावरचं ते ओसाड ठिकाण डोळ्यांसमोर उभं राहतं. म्हणून पहिली सूचना अशी: वाक्यातला प्रत्येक शब्द माहीत असूनही वाक्य बसत नसेल, तर त्यातल्या सर्वांत साध्या नामावर बोट ठेवून पाहा आणि पहिल्या अर्थावर थांबू नका. छापील कोश उघडायला निघालेला माणूस ‘फाईल’ हा शब्द शोधायला कधीही उठणार नाही. ज्या शंकेसाठी उठावंसं वाटत नाही तीसुद्धा या सोयीमुळे फेडून घेता येते.

शब्दकोश वापरणारे जास्त शिकतात का, यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत, आणि त्यांतून येणारं उत्तर सरधोपट नाही. नेदरलँड्समध्ये यान हुल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला समासात अर्थ छापलेला मजकूर दिला, दुसऱ्याला शब्दकोश दिला, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एकंदरीत समासातल्या अर्थांच्या गटाला जास्त शब्द लक्षात राहिले. पण खरी गोम पुढेच होती. कोशवाल्या गटाने कोश फारच कमी वेळा उघडला होता, आणि ज्या थोड्या शब्दांसाठी उघडला ते त्यांच्या चांगले लक्षात राहिले होते, समासातला अर्थ वाचणाऱ्यांपेक्षाही चांगले. म्हणजे कोशाच्या गुणात काही कमी नव्हतं. हात तिथवर जात नव्हता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९४ मध्ये, सुसान नाइट यांनी अमेरिकेत स्पॅनिश शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर संगणकाच्या पडद्यावर प्रयोग केला होता. तिथे कोश हाताशी असलेल्यांना शब्दही जास्त आले आणि मजकूरही जास्त कळला. भाषेत कच्च्या असलेल्यांना समजण्याच्या बाबतीत याचा विशेष फायदा झाला. वेळ मात्र जास्त लागला, हेही त्यांनी नोंदवलं आहे. विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. १९८४ साली इस्रायलमध्ये झालेल्या एका अभ्यासात इंग्रजीच्या परीक्षेत शब्दकोश वापरायला दिल्याने गुणांत फरक पडला नव्हता. पण परीक्षेच्या कोंडलेल्या वेळात जाड कोश चाळणं आणि घरी निवांतपणे तीनशे पानांचं पुस्तक वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळं एकत्र ठेवलं तर एवढं म्हणता येतं की कोशाचा उपयोग त्याच्या अंतरावर अवलंबून असतो. अंतर जितकं कमी, तितक्या जास्त वेळा तो उघडला जाईल, आणि लाभ उघडण्यात आहे.

यावर शिक्षक मंडळींचा जुना आक्षेप असा की मुलांनी संदर्भावरून अर्थ लावायला शिकलं पाहिजे. दर वेळी कोश दाखवला तर डोकं चालवायची सवयच जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच संदर्भावरून नेमकं किती हाती लागतं ते पाहणं भाग आहे. स्वानबॉर्न आणि द ग्लॉपर या डच संशोधकांनी १९९९ मध्ये अशा वीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. विद्यार्थी सहज वाचत असताना समोर आलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधरा टक्केच त्यांना येऊ लागतात, असं त्यात दिसलं. वर्षानुवर्षं भरपूर वाचणाऱ्याला हे पंधरा टक्केही पुरतात, कारण शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. चाळिशीत इंग्रजी वाचायला बसलेल्या माणसाकडे, किंवा मराठी माध्यमातून येऊन पहिल्या वर्षाची इंग्रजी पाठ्यपुस्तकं हाती घेतलेल्या विद्यार्थ्याकडे तेवढी वर्षं नसतात. शिवाय अंदाज आणि कोश यांत एकाचीच निवड करावी लागते हे गृहीतकच मुळात बरोबर नाही. कॅरल फ्रेझर यांनी १९९९ साली कॅनडातल्या फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात असं आढळलं की आधी अंदाज बांधून मग कोशात पडताळून पाहिलेले शब्द सर्वांत जास्त लक्षात राहिले. नुसता अंदाज किंवा नुसता कोश त्यांच्या मागे पडला. तेव्हा बोट टेकवण्याआधी क्षणभर थांबावं, ‘हे बहुधा एखादं हत्यार असावं’, ‘हा बहुधा रागाचाच प्रकार असावा’ असं मनाशी म्हणावं आणि मग चौकट उघडावी. अंदाज बरोबर निघाला तर पुढच्या अंदाजाला बळ येतं. चुकला तर तो चुकलेला अर्थ मनात घर करून बसण्याआधीच निघून जातो, आणि माझ्या मते यातच कोशाचं मोल जास्त आहे. चुकीचा अंदाज बांधून वर्षभर तोच अर्थ धरून बसलेले वाचक काही कमी नसतात.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. जे सहज मिळतं ते सहज विसरलं जातं. कोशाची पानं चाळताना जी मेहनत व्हायची तीच शब्द मनात रुजवत होती, असं म्हणतात. बाटिया लॉफर आणि हुल्स्टाइन यांनीच २००१ मध्ये याची नेटकी फोड करून दिली. शब्द लक्षात राहण्यामागे त्यांनी तीन गोष्टी मानल्या: त्या शब्दाची खरी गरज भासणं, त्याचा शोध घेणं आणि सापडलेल्या अर्थांतून इथे कोणता बसतो याचा निवाडा करणं. बोटाखालच्या कोशाने यातला शोध जवळजवळ संपतो हे मान्य केलंच पाहिजे. गरज मात्र उलट वाढते, कारण गोष्ट ऐन रंगात असतानाच शब्द पाहिला जातो. आणि निवाडा पूर्णपणे वाचकाच्या हाती राहतो, जर तो करायचं त्याने टाळलं नाही तर. चौकट उघडायची, पहिली ओळ वाचायची आणि मिटायची, असं करणाऱ्याच्या पदरात खरोखरच काही पडत नाही. अर्थ वाचल्यावर मूळ वाक्य तो अर्थ घालून पुन्हा एकदा वाचायचं, एवढी एक सवय लावून घेतली तरी शोधात वाचलेली मेहनत योग्य जागी खर्च होते. किंडलवर २०१३ पासून ‘व्होकॅब्युलरी बिल्डर’ नावाची सोय आहे. तुम्ही पाहिलेला प्रत्येक शब्द तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट तिथे जमा होत राहतो. आठवड्यातून एकदा ती यादी उघडून आधी वाक्य वाचावं, अर्थ आठवून पाहावा आणि जे शब्द खरोखर आले ते यादीतून काढून टाकावेत. वहीत शब्द आणि समोर अर्थ अशी दोन रकान्यांची यादी करण्यापेक्षा हे बरं, कारण वाक्याविना पाठ केलेला शब्द वापरायच्या वेळी आठवत नाही.

लय तुटते, ही तक्रारही खरी आहे, आणि तिला उत्तर म्हणजे प्रत्येक शब्द न पाहणं. जहाजावरच्या कादंबरीत दोरखंडांची आणि शिडांची नावं येतात, इंग्लंडच्या खेड्यातल्या कादंबरीत झुडपांची आणि पाखरांची येतात. तो एक प्रकारचा दोर आहे, ते एक झुडूप आहे, एवढं कळलं की पुरे. क्रियापदं आणि माणसाचा स्वभाव सांगणारी विशेषणं मात्र सोडू नयेत. त्यांच्यावर प्रसंग उभा असतो. एखादा शब्द त्याच प्रकरणात दुसऱ्यांदा आला तर तो पाहायचाच. लेखकाने तो दोनदा वापरला आहे म्हणजे तो कामाचा आहे.

आता तयारीबद्दल, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. २००७ मध्ये पहिलं किंडल निघालं तेव्हापासून त्यात ऑक्सफर्डचा अमेरिकन इंग्रजी कोश बसवलेला होता. आज ऑक्सफर्डचा ब्रिटिश वळणाचा ‘डिक्शनरी ऑफ इंग्लिश’ही मिळतो, आणि भारतीय वाचकाला तो जवळचा पडतो. सेटिंग्जमध्ये भाषा आणि शब्दकोश असा भाग असतो. तिथे जाऊन कोणत्या भाषेसाठी कोणता कोश उघडायचा ते एकदा ठरवून टाकावं. फोनवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये कोश आधी उतरवून घ्यावा लागतो. तो घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवला की लोकलमध्ये नेटवर्क नसलं तरी चालतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘डिक्शनरी’ असते, तिथे हवे ते कोश निवडले की ते अ‍ॅपल बुक्ससकट बहुतेक अ‍ॅपमध्ये दिसतात. ज्यांना कोश स्वतः निवडून घालायचे आहेत त्यांनी ‘केओरीडर’ हे मोफत, मुक्तस्रोत वाचन-सॉफ्टवेअर पाहावं. ते अँड्रॉइड फोनवर आणि कोबोसारख्या वाचनयंत्रांवर चालतं, स्टारडिक्ट या खुल्या रचनेतले कोश घेतं, आणि एका शब्दाला तीन-चार कोशांतले अर्थ एकापाठोपाठ दाखवतं. संस्कृत वाचणाऱ्यांना तर ते वरदान आहे, कारण पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश या रचनेत उपलब्ध आहे.

एक बारीकशी अडचण फार लोकांना छळते आणि तिचं कारण कळत नाही. बाहेरून आणलेल्या ई-बुकमध्ये शब्दावर बोट ठेवलं की ‘अर्थ सापडला नाही’ असं येतं, किंवा भलत्याच भाषेचा कोश उघडतो. प्रत्येक ई-बुकच्या आत त्याची भाषा नोंदलेली असते आणि यंत्र ती नोंद पाहून कोश निवडतं. नोंद चुकली किंवा रिकामी राहिली की कोश चुकतो. कोविद गोयल यांनी २००६ पासून घडवत आणलेलं ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावं, पुस्तकाची माहिती संपादित करण्याच्या खिडकीत भाषेच्या रकान्यात योग्य भाषा निवडावी आणि पुस्तक पुन्हा यंत्रावर पाठवावं. काम पाच मिनिटांचं आहे.

कोश इंग्रजी-इंग्रजी असावा की इंग्रजी-मराठी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वीरकरांच्या डिक्शनरीवर आपल्याकडे पिढ्या वाढल्या आहेत आणि मराठीतून अर्थ मिळाला की तो चटकन पोचतो, यात शंका नाही. वस्तूंच्या नावांना तर मराठी अर्थच हवा. ‘कानस’ या तीन अक्षरांनी जे होतं ते चार ओळींच्या इंग्रजी व्याख्येने होत नाही. तरीही ज्याला व्याख्येतलं इंग्रजी साधारण कळतं त्याने मुख्य कोश इंग्रजी-इंग्रजीच ठेवावा, कारण मनोवस्था आणि वागणूक सांगणाऱ्या शब्दांच्या छटा तिथे नीट सुटून दिसतात. व्याख्येतलाच शब्द अडला तर त्यावरही बोट ठेवता येतं. चौकटीशेजारी असणारं भाषांतराचं बटण मात्र शब्दांसाठी वापरू नये. ते एकच अर्थ हातात ठेवतं, आणि निवाड्याची संधी, जिच्यामुळे शब्द लक्षात राहतो, ती काढून घेते. किंडलवर ‘वर्ड वाइज’ नावाची आणखी एक सोय आहे. ती अवघड शब्दांच्या डोक्यावर सोप्या इंग्रजीत अर्थ आपणहून छापते. हुल्स्टाइन यांच्या प्रयोगातला समासातल्या अर्थांचा गट आठवला तर नवशिक्याला ती पहिले काही महिने उपयोगी पडावी. नंतर ती बंद करावी, नाहीतर कुठला शब्द अवघड हे यंत्रच ठरवत राहतं.

कोशालाही मर्यादा आहेत. डिकन्सच्या त्या कैद्याच्या तोंडी खाण्याच्या पदार्थांना ‘विटल्स’ असा शब्द आहे. ‘व्हिटल्स’चा तो गावंढळ उच्चार जसाच्या तसा लिहिला आहे. मूळ शब्दाचं प्रमाण स्पेलिंग त्या उच्चाराशी अजिबात जुळत नाही, त्यामुळे कोश हात वर करतो. अशा वेळी शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा, बरेचदा मूळ शब्द कानाला सापडतो. व्यक्तींची आणि गावांची नावं कोशात नसतात. त्यांच्यासाठी त्याच चौकटीतला विकिपीडियाचा भाग उघडावा, त्याला इंटरनेट लागतं. फोनवर वाचताना अर्थ पाहायला गेलेला माणूस संदेश वाचत बसतो, हीही मोठी अडचण आहे. त्याला कोश जबाबदार नाही, पण उपाय हवाच. इलेक्ट्रॉनिक शाईच्या (ई-इंक) पडद्याचं वेगळं वाचनयंत्र परवडत असेल तर ते घ्यावं. नसेल तर वाचायला बसताना सूचना आणि डेटा बंद करावा. आधी उतरवून ठेवलेला कोश विनाइंटरनेट चालतोच.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र चित्र निराशाजनक आहे, आणि त्याची कारणं समजून घेतली पाहिजेत. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली, इतरत्रही मिळतात. पण बाहेर फिरणाऱ्या मराठी ई-बुकांचा मोठा भाग म्हणजे छापील पानांचे पीडीएफ फोटो. फोटोत शब्द नसतात, ठिपके असतात. बोट ठेवायला काही सापडतच नाही. दुसरा मोठा भाग युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत टाइप केलेला. तिथे पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाइलीच्या पोटात रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत असतो, म्हणून शब्द निवडला तरी यंत्राच्या हाती निरर्थक अक्षरं येतात. युनिकोडमधलं, ईपब स्वरूपातलं ई-बुक मिळालं तरी अडचण संपत नाही. इंग्रजी कोशाच्या फाइलीत प्रत्येक शब्दासोबत त्याची चार-दोन रूपं नोंदवून ठेवलेली असतात, त्यामुळे भूतकाळी रूपावर बोट ठेवलं तरी मूळ क्रियापद उघडतं. मराठीत ‘पायऱ्यांवरूनही’ या एका शब्दात अनेकवचन, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि ‘ही’ असे चार थर आहेत. यंत्र अक्षराला अक्षर जुळवत बसतं आणि ‘पायरी’पर्यंत पोचत नाही. त्यात ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला ती वेगळी अक्षरं वाटतात.

आणि कोशांची आपल्याकडे वाण नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात, आणि ‘बृहद्कोश’ या संकेतस्थळावर अनेक मराठी कोशांत एकदम शोध घेता येतो. आजच्या घडीला मराठी वाचकाने करायचं ते एवढंच: शब्दाचं मूळ रूप स्वतः काढायचं, प्रत्यय सोलून नाम किंवा धातूपर्यंत यायचं आणि ते रूप या स्थळांवर टाकायचं. बखर, जुनी ऐतिहासिक कागदपत्रं किंवा महानुभाव गद्य वाचणाऱ्याला हा त्रास घेण्यावाचून गत्यंतर नाही. पण ज्या मुलांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं, जी पुण्यात किंवा न्यू जर्सीत घरात मराठी बोलतात पण एकोणिसाव्या शतकातलं गद्य हाती घेतलं की अडखळतात, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्यांना सामान्यरूप म्हणजे काय हेच कुणी शिकवलेलं नसतं. हू आणि नेशन यांचे आकडे त्यांना मराठी पुस्तकापुढेही लागू होतात, आणि इंग्रजी पुस्तकात जी मदत बोटाखाली मिळते ती मराठीत मिळत नाही म्हणून ती मुलं मराठी पुस्तक मिटून ठेवतात.

हे दुरुस्त होण्यासारखं आहे. रूपं ओळखणारी फाइल तयार करणं हे मराठी व्याकरण जाणणाऱ्या चार माणसांचं आणि एखाद्या संगणकतज्ज्ञाचं काम आहे. मोल्सवर्थच्या कोशावर कुणाचे हक्कही उरलेले नाहीत. भाषा संचालनालय, राज्य मराठी विकास संस्था किंवा एखादं विद्यापीठ यांनी तो कोश रूपांसकट, कुठल्याही वाचनयंत्रात घालता येईल अशा खुल्या स्वरूपात प्रसिद्ध करावा. वाचकांनीही आपल्या परीने मागणी लावून धरली पाहिजे. पुढचं मराठी ई-बुक विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडा आणि एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर प्रकाशकाला दोन ओळींचं पत्र लिहा: स्कॅन नको, युनिकोडमधलं ईपब द्या, आणि भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असं नोंदवा.